कार्ड जागं होण्याआधी

दिगू,

तुझ्या शोकसभेत मला ओकारी येत होती. शब्दशः सांगते आहे, अलंकारिक काही नाही. आपल्या छापखान्याच्या तळमजल्यातून पुराचं पाणी ओसरलं, पण वास गेलेला नाही, वरच्या हॉलपर्यंत येतो. खालच्या भिंतींनी तो छातीएवढ्या उंचीपर्यंत पिऊन ठेवलाय. त्या गटाराच्या वासावर कुणीतरी फिनेल ओतलं होतं, फिनेलवर अगरबत्त्या, त्यावर झेंडूचे हार, आणि सगळ्यावर आपल्या ट्रस्टच्या चिटणीस साहेबांचं अत्तर. मी पहिल्या रांगेत नाकाला रुमाल लावून बसले होते. शेजारच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "रडू नका हो ताई." मी रडत नव्हते. वास सहन होत नव्हता, म्हणून श्वास रोखून धरला होता.

रडायचं ते घरी रडले. ते माझं मी बघून घेईन.

सभेत तुझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातला माणूस मला ओळखू आला नाही. मितभाषी म्हणे. तू! विनम्र म्हणे. परळच्या त्या गल्लीत, हिंदमाताच्या उतारावर, ट्रस्टच्या ब्रेल छापखान्यात तू कॉम्प्युटर सांभाळायला आलास तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाला होतास, "तुम्ही मुद्रितं तपासता ना? मग चुका तुमच्या, मशीन माझं. माझ्या मशीनला नावं ठेवायची नाहीत." मी जन्मापासून अंध आहे, बोटांनी वाचते, आणि त्या छापखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक पान आधी माझ्या बोटांखालून जातं. मी तुला म्हटलं, "तुमच्या मशीनचा चौथा ठिपका बोथट आहे. पिन झिजली आहे. आधी ती बदला, मग तोरा दाखवा." तू हसलास. आठवड्याभरात आपण अरेतुरेवर आलो. तू काळाचौकीच्या चाळीतला मालवणी, मी गिरगावातली, जिला तू 'शुद्धलेखनाची बाई' म्हणायचास. पिन तू कधीच बदलली नाहीस. ती मिळत नाही म्हणालास. ब्रेलच्या प्रत्येक अक्षराला सहा ठिपक्यांची जागा, त्यातल्या त्या बोथट चौथ्यावर बोट ठेवून मी रोज तुला शिव्या घालायचे.

विनम्र नव्हतास तू, उद्धट होतास. कितीतरी वेळा चुकायचास आणि चुकलेलं मान्य करायला अर्धा दिवस लावायचास. पण एक होतं. डोळस माणसं माझ्याशी बोलताना आवाज चढवतात, जणू मी बहिरी आहे, किंवा मऊ करतात, जणू मी आजारी आहे. तू माझ्याशी जसा गोविंदाशी बोलायचास, त्या आपल्या शिपायाशी, तसाच बोलायचास. तक्रारीच्या सुरात.

नवं मशीन आलं तेव्हाची गंमत मला अजून आठवते, कारण तेव्हा ती गंमतच होती. एका कंपनीने देणगी म्हणून ब्रेल छापणारं मोठं यंत्र दिलं, एम्बॉसर. ते चालवायला कॉम्प्युटरच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवावं लागणार होतं. तुझा कॉम्प्युटर युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. मराठीचं ब्रेल करणारा प्रोग्राम तू त्यावर स्वतः लिहिला होतास आणि त्याचा तुला मुलापेक्षा जास्त अभिमान होता. पण कार्डासोबत आलेला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांचं बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम, युनिक्ससाठी नव्हताच. परदेशातल्या कुणीतरी अशाच एका कार्डासाठी लिहून इंटरनेटवर ठेवलेला ड्रायव्हर तू उतरवून घेतलास आणि तो आपल्या कार्डाला बेतायला बसलास.

ते बसणं म्हणजे आम्हा सगळ्यांना शिक्षा होती. कॉम्प्युटर चालू होताना युनिक्स आपल्या आतल्या एकेका भागाची हजेरी घेतं, डिस्क आहे का, नेटवर्क आहे का, आणि पडद्यावर ओळी सोडतं. तू त्या मोठ्याने वाचायचास, माझ्यासाठी, कारण मी विचारायचे. कार्डाची पाळी आली की तुझा आवाज बदलायचा. "गैरहजर. मेला उठणा नाय गो." मग स्क्रू, मग कॅबिनेट उघडल्याचा पत्र्याचा आवाज, मग चहा.

शेवटी तुला सापडलं की कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड एकाच वेळी एकाच वाटेने प्रोसेसरला हाक मारत होती आणि एकाची हाक दुसऱ्याच्या नावावर जात होती. तू कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलंस, वाट वेगळी केलीस. कॉम्प्युटर चालू केलास, तरी गैरहजर, म्हणून तसाच रीस्टार्ट केलास. हजर! पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा हजर. दुपारभर तू तेच करत होतास, लहान पोराला नवी शिट्टी मिळावी तसा. मग आम्हाला सगळ्यांना लालबागला नेऊन मिसळ खायला घातलीस आणि माझ्या पावावर तिखट तर्री ओतून म्हणालास, "आता बोल, चौथा ठिपका."

नव्या मशीनचं पहिलं पान मी त्याच संध्याकाळी वाचलं. दिगू, ते ठिपके! कोवळ्या हरभऱ्यासारखे, सगळे सारखे, सगळे उभे. तिसरीच्या वाचनाच्या पुस्तकाचं पान होतं. मला वाटलं, ज्या मुलांच्या हातात हे जाईल त्यांना वाचनाचा कंटाळा येणं कठीण आहे. मी तुझं कौतुक केलं होतं. ते आठवतंय ना तुला? केलं होतं मी.

आणि दुसऱ्याच दिवशी तो उद्घाटनाचा तमाशा.

मशीन तळमजल्याच्या खोलीत सुखाने बसलं होतं. चिटणीस साहेबांना ते स्टेजवर हवं होतं. सकाळी चार माणसं लावून त्यांनी ते कॉम्प्युटरसकट वरच्या हॉलमध्ये नेलं, मागे बॅनर, बाजूला समई. ठरलं असं होतं की कंपनीचे मोठे साहेब कळ दाबणार, मशीन तिसरीच्या पुस्तकाचं पहिलं पान छापणार, ते पान ते माझ्या हातात देणार आणि मी लोकांसमोर मोठ्याने वाचणार. मी नवी साडी नेसले होते. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटत होता.

स्टेजच्या मागून तुझी कुजबुज ऐकू येत होती. "गैरहजर." मग बटण बंद झाल्याचा आवाज. पुन्हा चालू. "गैरहजर." पुन्हा बंद. खाली पाहुणे आले होते, सनईची कॅसेट लागली होती. चिटणीस साहेब तुझ्याजवळ आले. ते हळू बोलले, पण माझे कान माझेच आहेत.

"दिगंबर, काहीतरी बाहेर आलं पाहिजे. मला बाकी माहीत नाही."

"साहेब, जरा वेळ द्या. कार्ड घेत नाहीये."

"वेळ नाही. पाहुण्यांना विमान गाठायचंय. कागद बाहेर आला पाहिजे, आवाज आला पाहिजे. पुढचं तू तुझं बघ."

आणि तू बघितलंस. एम्बॉसरला कॉम्प्युटरशिवाय स्वतःची चाचणी छापता येते, निव्वळ ठिपक्यांच्या रांगा, हे तुला माहीत होतं. पाहुण्यांनी कळ दाबली, तू मागून चाचणीचं बटण दाबलंस, यंत्र खडखडलं, टाळ्या पडल्या, आणि ट्रेमधून तू आधीच ठेवलेला एक कागद पाहुण्यांच्या हातात दिलास. त्यांनी तो मला दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी. कुत्र्याला कुरवाळावं तसा हात होता तो, त्याला क्रीमचा वास येत होता.

मी कागदावर बोट ठेवलं. पहिल्याच ओळीत चौथा ठिपका बोथट.

जुन्या मशीनवरचं पान होतं ते. तिसरीचंच, पण गेल्या वर्षीचं. रद्दीतलं. त्यावर मी स्वतः एका ठिकाणी नखाने खूण केली होती, तीही बोटाला लागली.

माझ्यासमोर माईक धरला गेला. मी म्हटलं, "हे मी वाचणार नाही."

मी पुढे बोलणार होते. मी सांगणार होते की हे पान या यंत्राने छापलेलं नाही. पण माईक माझ्या तोंडापासून गेला, आणि चिटणीस साहेबांचा आवाज घुमला: "ताई भावुक झाल्या आहेत! मित्रहो, या क्षणी शब्द अपुरे पडतात!" आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळ. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी आहे. कुणी रस्त्यात टाळी वाजवून हाक मारली तरी अंगावर काटा येतो.

खाली आल्यावर मी तुला गाठलं. तू पहिल्यांदा काय म्हणालास? माफी नाही. "तुला कळलं कसं?"

"चौथा ठिपका, दिगू."

"आवशीक खाव," तू तुझी ठेवणीतली मालवणी शिवी हळूच दिलीस. मग म्हणालास, "सुलभे, ऐक. आज हे मशीन बंद पडलेलं दिसलं असतं ना, तर कंपनीने परत नेलं असतं. जूनमध्ये पोरांना पुस्तकं कुठून देणार होतीस?"

"सांगायचं. मशीन आज चालत नाही, उद्या चालेल. एवढंच सांगायचं."

"तू कधी बसलीयस का असल्या मीटिंगमध्ये? असं सांगून भागत नाही तिथे."

"डोळसांना फसवायचं तर डोळ्यांनी फसव," मी म्हटलं. "मला कागद देऊन फसवलंस तू. कागद. मी सगळं जग लोकांच्या सांगण्यावरून मानते, रस्ता मोकळा आहे, भाजी ताजी आहे, साडीचा रंग निळा आहे. कागद एवढाच मी स्वतः तपासते. त्याच्यात तू खोटं घातलंस."

तुझ्या चपला मागे सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर आपलं बोलणं बंद. डबा मी माझ्या टेबलावर खायचे, तू तुझ्या. गोविंद मधल्यामध्ये हैराण. मला आजही त्या अबोल्याचं वाईट वाटत नाही, दिगू. तुझं चुकलं होतं. आज तू नाहीस म्हणून ते बरोबर होत नाही.

पण मशीन परत तळमजल्यावर आलं आणि त्यानंतर खरंच रुसलं. आपल्याकडे रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करायची पद्धत. सकाळी चालू केलं की कार्ड गैरहजर. कधी दुपारी आपोआप हजर. तू ड्रायव्हर उलटापालटा केलास, कार्ड काढून पुसून परत बसवलंस, पुन्हा त्या हाकांच्या वाटांचा संशय घेतलास. पुस्तकं अडली. शाळांचे फोन येऊ लागले. चिटणीस साहेबांना काही घाई नव्हती. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात आले होते.

एका सकाळी तू माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिलास. तुला ओळखायला मला बोलणं लागत नाही, तुझ्या खिशात कायम स्क्रू वाजायचे.

"तुझे कान पाहिजेत," तू म्हणालास.

"माझे कान भावुक आहेत."

"सुलभे, पोरांची पुस्तकं आहेत."

पुस्तकांसाठी आले मी. हे तेव्हाही सांगितलं होतं. तू कॉम्प्युटरचा पत्रा काढून ठेवला होतास. मेन चालू केलास आणि ओळी वाचायला लागलास, पूर्वीसारख्या. डिस्क हजर. नेटवर्क हजर. "कार्डाला विचारतोय... उत्तर नाही. गैरहजर." तू पुढची ओळ वाचायला लागलास, आणि त्याच वेळी कॅबिनेटच्या आतून बारीकसा आवाज आला. टक्.

"हे काय वाजलं?" मी विचारलं.

"काय वाजलं?"

"पुन्हा कर. बंद कर आणि पुन्हा चालू कर."

पुन्हा तेच. गैरहजर, आणि त्यानंतर जरा वेळाने टक्. तिसऱ्यांदाही तसंच.

"तू आधी विचारतोस, ते नंतर टक् करतं," मी म्हटलं. "तो टक् कसला आहे?"

मग कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. कार्डाच्या आत त्याचं स्वतःचं छोटंसं डोकं असतं, तू सांगितलंस. वीज मिळाली की ते आधी स्वतःची तपासणी करतं, आणि ती झाली की एम्बॉसरकडे जाणारी वीज जोडतं, तो टक्. युनिक्स त्याआधीच हजेरी घेऊन मोकळं होत होतं. कार्ड तेव्हा झोपेतून उठतच होतं.

"मग त्या दिवशी लालबागला गेलो तेव्हा दुपारभर कसं चालत होतं?" मी विचारलं.

"तेव्हा मी रीस्टार्ट करत होतो. रीस्टार्टमध्ये वीज जात नाही, कार्ड जागंच राहतं." आणि मग तुझा आवाज एकदम खाली गेला. "त्या दिवशी स्टेजवर आणताना वायर काढली होती. मी पुन्हापुन्हा बटणच बंद करत बसलो. सुलभे, मी नुसतं रीस्टार्ट केलं असतं ना..."

"तर?"

"तर चाललं असतं. खरं पान आलं असतं."

तुला वाटलं मी हळहळेन. तू तसा थांबला होतास, माझ्या हळहळीची वाट बघत. मला हळहळ नाही वाटली, घाण वाटली. एवढ्याशा गोष्टीपायी! एक बटण, दुसरं बटण. मी म्हटलं, "त्याने काय फरक पडतो? कार्ड कायमचं मेलेलं असतं तरी तू तो कागद द्यायचा नव्हतास."

"फरक पडतो. मी खोटा माणूस नाही, माझं नशीब खोटं निघालं."

"नशिबाने कागद आणून ठेवला ट्रेमध्ये?"

यावर तू स्क्रू ड्रायव्हर आपटलास आणि म्हणालास, "ह्यो विषय मशीन चालू झाल्यावर." तो विषय तिथेच राहिला.

मशीन मात्र तू चालू केलंस, आणि ते ज्या तऱ्हेने केलंस त्याला माझी दाद आहे. मी म्हटलं होतं, सोपं आहे, युनिक्सला सांग थोडं थांबून विचार. तू भडकलास. "थोडं म्हणजे किती? आज कार्डाला एवढा वेळ लागतो, थंडीत जास्त लागेल, जुनं झालं की आणखी. अंदाजाने थांबणं हा इलाज नाही, ही टाळाटाळ आहे." तू ड्रायव्हरच्या आत शिरलास आणि त्याला असं शिकवलंस की कार्डाने उत्तर दिलं नाही तर गैरहजर लिहून पुढे जायचं नाही, जरा दम घ्यायचा आणि पुन्हा विचारायचं, उत्तर येईपर्यंत. पहिल्या खेपेला तर ते विचारतच बसलं, कार्ड खाचेत सैल होतं आणि मशीन पुढे हलेचना. मग त्याला मर्यादाही घातलीस, आणि मर्यादा संपली तर मोठ्याने तक्रार करायची सोय केलीस. रोज सकाळी तू मेन चालू करायचास, मी कान लावून बसायचे. तू विचारतोस, मी सांगते. आणि एका सकाळी आधी टक् ऐकू आला आणि मग तुझा आवाज: "हजर."

तू दोन कटिंग चहा मागवलेस.

पुस्तकं शाळा उघडायच्या आधी गेली. प्रत्येक पान मी वाचलं. एकाही ठिपक्याला नाव ठेवायला जागा नव्हती. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि हे मी तुला तोंडावर सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच तो दुसरा हिशेब मिटला असं धरून चालला असतास.

मग ऑगस्ट. मुसळधार पावसात हिंदमाता पाण्याने भरली. मी गिरगावात घरी होते, तू काळाचौकीहून फोन केलास. भर दुपार होती.

"छापखान्यात पाणी शिरणार गो. मशीन जमिनीवर आहे. साहेबांना फोन केला, चार माणसं पाठवा म्हटलं. म्हणतात, उद्या बघू, विमा आहे."

"मग उद्या बघ. जाऊ नकोस."

"विम्यात कार्ड मिळेल. माझा प्रोग्राम नाय मिळणार. आणि पुस्तकांचे गठ्ठे खालीच आहेत, दुसऱ्या सत्राचे."

गोविंद मला नंतर सांगत होता. छातीपर्यंत पाणी, त्यात गटाराची झाकणं उघडलेली, उंदीर तरंगत होते, मेलेले आणि जिवंत. तुम्ही दोघांनी आधी कॉम्प्युटर वर नेला, मग ते जड धूड जिन्यावरून ओढत नेलं, मग गठ्ठे. तुझ्या पायाला पत्रा लागला, तू त्यावर रुमाल बांधलास आणि पुन्हा त्या घाणीत उतरलास. काही दिवसांनी ताप आला. तू गोळ्या खात राहिलास. डोळे पिवळे झाले तेव्हा वैशालीने, तुझ्या बायकोने, तुला ओढत परळला हॉस्पिटलात नेलं. लेप्टो. उंदरांच्या मुतातून येणारा आजार, दिगू. पोरांची पुस्तकं वाचवणारा माणूस उंदराच्या मुताने जातो, आणि विमा आहे म्हणणारा माणूस अत्तर लावून त्याच्यावर भाषण करतो. या शहरात माझा जन्म गेला, पण इतकी किळस मला त्याची कधी आली नव्हती.

वॉर्डात मी आले होते. तुझा हात भाजत होता. तू विचारलंस, "कार्ड कोरडं आहे?" मी म्हटलं, कोरडं आहे. मग म्हणालास, "सुलभे, त्या कागदाचं..." मी म्हटलं, "आधी बरा हो. मग भांडू." तुला भांडायचं होतं की आणखी काही म्हणायचं होतं, हे मला माहीत नाही. मी तुला बोलू दिलं नाही असंही नाही. तुला खोकला आला, नर्सने मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला.

तर शोकसभा. चिटणीस साहेब म्हणाले, "मी स्वतः दिगंबरला सांगत होतो, जिवापेक्षा मशीन मोठं नाही, जाऊ नकोस. पण कर्तव्याने भारलेला माणूस!"

मी उभी राहिले. "तुम्ही म्हणालात, उद्या बघू, विमा आहे."

"ताईंना जरा बसवा कुणीतरी."

"मी बसते. आधी खरं बोला. त्याने चार माणसं मागितली होती."

कुणाचा तरी हात खांद्यावर आला, मी तो झटकला. मागून गोविंदाचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा तो त्या हॉलमध्ये मोठ्याने बोलला असेल: "मागितली होती. मी तिथेच होतो." मग खुर्च्या सरकल्या, कुणी घसा खाकरला, आणि साहेबांनी कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढे जाऊ या असं म्हटलं. तेवढंच झालं. कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढे म्हणजे तुझ्या नावाच्या फलकाचं अनावरण. ब्रेलमध्ये, कौतुकाने. पडदा ओढल्याचा आवाज आला, टाळ्या पडल्या. लोक चहाकडे वळले तेव्हा मी वैशालीला म्हटलं, मला तिथे ने. तिने माझा हात फलकावर नेऊन ठेवला.

काच होती, दिगू. ब्रेल काचेच्या आत होतं. थंड, गुळगुळीत काच.

चिटणीस साहेब मागेच होते. "धूळ बसू नये म्हणून, ताई."

मी गोविंदाला हाक मारली. त्याने फ्रेम खाली काढली, मागचे खिळे वाकवले आणि काच बाजूला केली. साहेब काहीतरी बोलत होते, मग बोलायचे थांबले, मग त्यांचं अत्तर लांब गेलं. मी बोट ठेवलं. जाड कागद, नव्या मशीनवर छापलेला, तुझेच ते उभे ठिपके. मी वैशालीला वाचून दाखवू लागले. तुझं नाव. मग 'अंधांच्या आयुष्यात प्रकाश आणणारे.' मग 'उद्घाटनाच्या शुभप्रसंगी या यंत्रावर पहिलं पान छापणारे.' तिथे माझं बोट थांबलं.

वैशाली म्हणाली, "हे खोटं आहे ना?"

मी चमकले. "तुला माहीत आहे?"

"त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही तो. म्हणाला, आज सुलभाच्या हातात मी रद्दी दिली. मी म्हटलं, मग तिला जाऊन सांग. म्हणाला, तिला काय सांगू, तिला तर कळलंच."

तुझा इतका राग आला मला! तिला सांगितलंस. मला नशिबाच्या गोष्टी सांगत बसलास आणि तिला हे सांगितलंस. दोन वाक्यं होती, दिगू. आपण किती महिने वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

वैशालीने विचारलं, "हे पुसता येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "मुद्रितात चुकीचा ठिपका आला की आम्ही नखाने दाबून बसवतो."

"मग पूस."

"तू पण ये." मी तिचा अंगठा धरून ओळीवर ठेवला. तिने एक ठिपका दाबला, मी पुढचा. नव्या मशीनचे ठिपके सहजी बसत नाहीत, नख दुखतं. चहा संपवून लोक घरी जात होते, कुणी विचारलं नाही काय चाललंय. पहिलं पान आधी गेलं, मग प्रकाश गेला. खालचा कागद सपाट झाला, जरा चरचरीत. गोविंदाने काचेशिवाय फ्रेम परत भिंतीवर लावली, माझ्या हाताला लागेल इतकी खाली.

तुझं नाव तेवढं ठेवलं. तुला नावं मी अजून ठेवतेच आहे.